सोनी टीव्ही ८-३०१ : संच तापल्यावर चित्राची उंची पुन्हा पुन्हा घटते तेव्हा काय तपासावे

संच सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे चित्र निर्दोष असते. मग खालची कड हळूहळू वर सरकू लागते, तळाशी काळी पट्टी दिसते, माणसांचे चेहरे चपटे होतात, आणि काही संचांत शेवटी सगळे चित्र मिटून पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ तेवढी उरते. आवाज मात्र व्यवस्थित येत राहतो. संच बंद करून अर्ध्या तासाने लावला, तर जणू काही झालेच नव्हते असे पूर्ण चित्र पुन्हा दिसते. दुरुस्ती करणारा व्हर्टिकल आउटपुटचा, म्हणजे चित्र उभे पसरवणारा शेवटचा, ट्रान्झिस्टर बदलतो, काही आठवडे बरे जातात, आणि पुन्हा तेच.

ट्रान्झिस्टर युगाच्या सुरुवातीच्या पोर्टेबल संचांत, म्हणजे साधारण १९६० च्या आसपासच्या संचांत, हा दोष नेहमी आढळतो. हे टिपण सोनीचा टीव्ही ८-३०१ समोर ठेवून लिहिले आहे. तथापि त्याच काळातील, तशाच मांडणीच्या इतर संचांनाही ते लागू पडावे. माझा अनुभव असा की, जळालेला आउटपुट ट्रान्झिस्टर हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण त्याच्या मागच्या टप्प्यात, एखाद्या लहानशा कपॅसिटरच्या गळतीत (नको तिथून प्रवाह झिरपण्यात) किंवा बिघडलेल्या बायसमध्ये (ट्रान्झिस्टरला कामाच्या जागी ठेवणाऱ्या स्थिर व्होल्टेजमध्ये) असते, आणि ते सापडेपर्यंत नवा ट्रान्झिस्टर बसवणे म्हणजे दुर्मिळ सुटा भाग वाया घालवणे होय.

हा संच नाजूक का होता

मे १९६० मध्ये जपानच्या बाजारात आलेला टीव्ही ८-३०१ हा, पडद्यावरील चित्र थेट पाहता येईल असा, पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा जगातील पहिला दूरचित्रवाणी संच मानला जातो. त्याच्या आधी, १९५९ मध्ये, अमेरिकेत फिल्कोचा सफारी हा ट्रान्झिस्टर संच निघाला होता. परंतु त्यात लहानशा ट्यूबवरचे चित्र आरशाच्या साहाय्याने मोठे करून दाखवले जात असे. सोनीच्या संचाला आठ इंचांची पिक्चर ट्यूब होती, त्यात सिलिकॉन आणि जर्मेनियम अशा दोन्ही जातींचे मिळून २३ ट्रान्झिस्टर होते, वजन सुमारे ६ किलो होते आणि किंमत ६९,८०० येन होती. घरातल्या विजेवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर, असा दोन्ही प्रकारे तो चालत असे. या दुसऱ्या सोयीचा उपयोग आपल्याला दोष शोधताना फार होणार आहे.

संच वारंवार बिघडतो ही तक्रार तो नवा असतानाही होती, आणि कंपनीच्या इतिहासातही त्याचा उल्लेख नाजूक बाळ अशाच अर्थाने येतो. त्यामागची तांत्रिक अडचण समजून घेण्यासारखी आहे. रेडिओतील ट्रान्झिस्टरला अगदी थोडी शक्ती हाताळावी लागते. दूरचित्रवाणी संचात मात्र इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,७५० वेळा आडवा आणि ६० वेळा वरून खाली ओढावा लागतो. त्यासाठी योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरील झोत वळवणाऱ्या, वेटोळ्यांत बराच प्रवाह खेळवावा लागतो आणि आडव्या बाजूला उच्च व्होल्टेजचे ठोके सोसावे लागतात. त्या काळी हे काम जवळजवळ सर्वत्र व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) करीत. व्हॉल्व्ह तापतो तो तापण्यासाठीच बनवलेला असतो, तर जर्मेनियम ट्रान्झिस्टरला उष्णता सहन होत नाही. त्याच्यातील गळती प्रवाह दर आठ-दहा अंश सेल्सिअसला जवळजवळ दुप्पट होतो, आणि ७५ ते ८५ अंशांच्या पलीकडे तो टिकेलच असे नाही. सिलिकॉनची मर्यादा १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. म्हणूनच जड काम करणाऱ्या जागी सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरणे या कंपनीला आवश्यक वाटले, आणि ते तिने स्वतः घडवले.

मासारू इबुका आणि आकिओ मोरिता यांनी १९४६ मध्ये टोकियो त्सुशिन कोग्यो या नावाने ही कंपनी स्थापन केली. तिने १९५५ मध्ये टीआर-५५ हा जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला आणि जानेवारी १९५८ मध्ये सोनी हे नाव घेतले. लिओ एसाकी १९५७ मध्ये याच कंपनीत, जर्मेनियममध्ये अशुद्धीचे प्रमाण बरेच वाढवले की जोड (दोन जातींच्या अर्धवाहकांची सीमा) कसा वागतो हे पाहत असताना, टनेल डायोडपर्यंत (ज्यात एका टप्प्यात व्होल्टेज वाढवले तरी प्रवाह घटतो अशा डायोडपर्यंत) पोहोचले. त्या कामासाठी १९७३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. जोडाच्या विचित्र वागण्याकडे दुर्लक्ष न करता ते शेवटपर्यंत मोजत राहण्याची ती सवय, या संचाची दुरुस्ती करणाऱ्यानेही उचलावी असे मला मनापासून वाटते.

हात घालण्यापूर्वी

पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर (उच्च व्होल्टेजच्या धन टोकावर) हजारो व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही काच तो विद्युतभार बराच वेळ धरून ठेवते. मागचे झाकण काढल्यावर प्रथम बॅटरी आणि वीज दोन्ही तोडावीत, चांगले इन्सुलेशन असलेल्या पेचकसाला तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरील काळ्या लेपाला टेकलेल्या जमिनीच्या तारेला जोडावे, आणि एक हात मागे ठेवून ॲनोडच्या रबरी टोपीखाली पेचकस सरकवावा. थोड्या वेळाने हीच क्रिया पुन्हा करावी. ट्यूबची मान पातळ काचेची असते; तिच्यावर भार पडू देऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

दुसरी काळजी ट्यूबची. चित्र मिटून रेघ झाली की झोताची सगळी शक्ती एकाच ओळीवर पडते आणि काही मिनिटांत तेथील फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) कायमचा जळू शकतो. अशा ट्यूबला आज पर्याय मिळणे कठीण आहे. म्हणून तपासणीच्या काळात ब्राइटनेस इतका कमी ठेवावा की रेघ अंधाऱ्या खोलीत जेमतेम दिसेल.

हा संच जपानच्या १०० व्होल्ट विजेसाठी आहे. जिथे घरातली वीज २२० ते २४० व्होल्टची आहे तिथे तो योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला, तर पुढची सगळी चर्चा निरर्थक ठरेल.

आधी १२ व्होल्टवर चालवून पाहा

पोर्टेबल संचाचा मोठा फायदा असा की त्याचा वीजपुरवठा विभाग पूर्णपणे बाजूला ठेवून बाकीचा संच चालवता येतो. प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा, शुद्ध डीसी देणारा १२ व्होल्टचा पुरवठा घ्यावा आणि संच त्यावर लावावा. धन-ऋण बाजू संचावरील खुणेवरून किंवा सर्किटच्या नकाशावरून दोनदा तपासावी. पीएनपी जातीच्या (ऋण पुरवठ्यावर चालणाऱ्या) जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या काळात चॅसिसला धन बाजू जोडण्याची पद्धतही रूढ होती, त्यामुळे धातूची चौकट ऋणच असणार हे गृहीत धरू नये.

सुरू केल्यानंतर एका मिनिटाने प्रवाह किती आहे ते कागदावर लिहावे आणि पुढे दर पाच मिनिटांनी नोंद करत जावे. बॅटरीच्या बाजूने चालवताना दोष अजिबात दिसत नसेल आणि घरातल्या विजेवर दिसत असेल, तर तो वीजपुरवठा विभागात आहे. तेथील फिल्टर कपॅसिटर सुकला असेल तर चित्राच्या उभ्या कडा नागमोडी होतात आणि फिकट-गडद पट्टे वरून खाली किंवा खालून वर सरकतात. जपानमध्ये टोकियोच्या बाजूला वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकाच्या बाजूला ६० हर्ट्झची आहे. चित्राचा उभा वेगही ६० चाच असल्याने हे पट्टे ६० हर्ट्झच्या विजेवर जवळजवळ स्थिर दिसतात आणि ५० हर्ट्झच्या विजेवर भराभर पळतात. तोच संच दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी का वागतो असा प्रश्न पडला, तर हे लक्षात ठेवावे.

दोष १२ व्होल्टवरही जसाच्या तसा दिसला आणि प्रवाहाचा आकडा चित्राच्या आक्रसण्याबरोबर चढत गेला, तर कुठल्यातरी ट्रान्झिस्टरमधून उष्णतेबरोबर वाढणारा प्रवाह जात आहे, हे जवळजवळ नक्की होते.

थंड असताना बिघडते की तापल्यावर, हा फरक महत्त्वाचा आहे

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुना झाला की दोन निरनिराळ्या प्रकारे बिघडतो, आणि अनेक दुरुस्त्या या दोन प्रकारांत गल्लत केल्यामुळे फसतात. आतील द्राव सुकला तर त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी असतो, त्यामुळे असा कपॅसिटर ज्या संचात आहे त्याचे चित्र सुरुवातीला आखूड असते आणि संच गरम होईल तसे सुधारते. आपल्या तक्रारीतील वागणूक नेमकी उलट आहे. तापल्यावर बिघडते, याचा अर्थ गळती वाढते आहे. ही गळती ट्रान्झिस्टरमध्ये असेल किंवा दोन टप्प्यांना जोडणाऱ्या कपॅसिटरमध्ये असेल. कपॅसिटरची गळतीही उष्णतेबरोबर वाढतच असते.

या जोड-कपॅसिटरवर मी विशेष भर देतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. वेगळ्या बनावटीच्या, पण याच काळातील एका संचात मी आउटपुट ट्रान्झिस्टर दोनदा बदलला होता. दोन्ही वेळा नवा भाग चांगला चालला आणि दोन्ही वेळा तो बोटाला चटका बसेल इतका तापून गेला. तिसऱ्यांदा भाग बदलण्याआधी मी ऑसिलेटरकडून (ठरावीक वेगाची लहर तयार करणाऱ्या टप्प्याकडून) पुढच्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे (नियंत्रण करणाऱ्या पायाकडे) जाणाऱ्या काही मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा बेसच्या बाजूचा पाय सोडवला, त्या मोकळ्या पायापासून चॅसिसपर्यंत १० किलोओहमचा रोध लावला आणि त्या रोधावरचे डीसी व्होल्टेज वाचले. निरोगी कपॅसिटर असेल तर सुरुवातीचे काही क्षण सोडता तेथे शून्याच्या आसपास आकडा दिसतो. मीटरचा काटा मात्र थांबतच नव्हता. आरंभी ०.०४ व्होल्ट, पाच मिनिटांनी ०.१५ आणि पंधरा मिनिटांनी अर्ध्या व्होल्टच्या वर. अर्धा व्होल्ट म्हणजे ५० मायक्रोॲम्पिअर. पुढचा ट्रान्झिस्टर तेवढ्याच प्रवाहाला पन्नासपट करतो आणि थेट जोडलेल्या आउटपुटला त्याच्या जागेवरून ढकलतो. आउटपुट तापला की त्याची स्वतःची गळती वाढते, ती त्याला आणखी तापवते, आणि हे चक्र तो निकामी होईपर्यंत चालते. कपॅसिटर बाहेरून अगदी स्वच्छ होता. ना फुगवटा, ना पायाशी हिरवट डाग. क्षमता मोजणाऱ्या मीटरवर तो छापील किमतीपेक्षा थोडा जास्तच दाखवत होता, आणि गळका कपॅसिटर असाच फसवतो. त्यामुळे अशा मीटरवर विसंबून भागाला निर्दोष ठरवू नये.

त्यामुळे व्हर्टिकल विभागातील जोड-कपॅसिटर, एमिटरचा (ट्रान्झिस्टरच्या दुसऱ्या पायाचा) बायपास कपॅसिटर आणि योककडे जाणारा मोठा कपॅसिटर या क्रमाने तपासावेत. बदलताना क्षमता मूळ भागाइतकीच ठेवावी, व्होल्टेजची मर्यादा मूळच्याएवढी किंवा त्याहून थोडी जास्त घ्यावी, १०५ अंशांचा प्रकार निवडावा आणि धन-ऋण नकाशाप्रमाणे लावावे. लहान क्षमतेच्या जागी फिल्म कपॅसिटर मावत असेल तर तो उत्तम, कारण त्याच्या गळतीची चिंता उरत नाही. एका बैठकीत संचातील सगळे कपॅसिटर बदलण्याचा मोह टाळावा. दोन-तीन बदलावेत, संच अर्धा तास चालवावा, प्रवाहाची नोंद पुन्हा घ्यावी आणि मगच पुढे जावे. एकदम वीस भाग बदलल्यावर एखादी नवी चूक झाली तर ती शोधण्यासाठी धागाच हाती राहत नाही.

बायस आणि पर्यायी ट्रान्झिस्टर

जर्मेनियमचा आउटपुट ट्रान्झिस्टर न मिळाल्याने तेथे सिलिकॉन बसवलेला असतो, आणि दोष परत येण्याचे दुसरे मोठे कारण बऱ्याचदा हेच ठरते. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेस-एमिटरमध्ये साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टवर वाहू लागतो, तर सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. बायसचे रोध न बदलता केलेली अदलाबदल चित्राच्या वरच्या किंवा खालच्या भागाला चेपते. मग उंचीचे आणि लिनिअरिटीचे (चित्र वर-खाली सारखे पसरवणारे) बटण टोकाला फिरवून चित्र कसेबसे भरले जाते, आणि ट्रान्झिस्टर कायम चुकीच्या जागी काम करत राहतो. पूर्वी कुणी असा बदल केला आहे का, हे भागावरील क्रमांक नकाशाशी ताडून पाहावे.

बायसच्या वाटेवर थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा भाग) असेल तर त्याकडेही लक्ष द्यावे. तापमान वाढले की बायस कमी करून ट्रान्झिस्टरला सावरणे हे त्याचे काम आहे. एक टोक सोडवून त्याचा रोध थंड असताना मोजावा, मग हेअर ड्रायरने सावकाश गरम करून पुन्हा मोजावा. आकडा नीट, न अडखळता उतरला पाहिजे. जो थर्मिस्टर उष्णतेला दाद देत नाही तो असून नसल्यासारखाच.

हाच हेअर ड्रायर चालू संचातील एकेक भाग वेगळा काढायलाही उपयोगी पडतो. जाड कागदाची सुरळी करून तिच्यातून गरम हवा एकाच ट्रान्झिस्टरवर काही सेकंद सोडावी आणि पडद्याकडे पाहावे. ज्या भागाला थोडीशी ऊब लागताच चित्राची कड हलते, त्याच्यापासून शोध सुरू करावा. जर्मेनियमला फार तापवू नये. हात सोसेल इतकी ऊब पुरते. सोल्डर करतानाही त्याचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरेल आणि आतील जोडापर्यंत पोहोचणार नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर चौकटीवर बसवताना खालची अभ्रकाची चकती अखंड आहे, तिच्या दोन्ही बाजूंना उष्णतावाहक लेप पातळ लागला आहे आणि स्क्रू घट्ट आहेत, याची खात्री करावी. साठ वर्षांत हा लेप खडूसारखा कोरडा होतो आणि मग उष्णता चौकटीत जातच नाही.

टाके आणि कंट्रोल

मूठ धरून उचलून नेण्याचा हा संच असल्याने त्याला धक्के बसलेले असतात. जड भागांच्या पायांभोवती, विशेषतः फ्लायबॅक (उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), आउटपुट ट्रान्झिस्टर आणि ट्यूनरजवळ, सोल्डरच्या टाक्यात केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून ती पायाभोवतीच्या राखाडी कड्यासारखी दिसते. जुने सोल्डर काढून नवा टाका द्यावा. उंचीचे आणि व्हर्टिकल होल्डचे (चित्र वर-खाली घसरू न देणारे) कंट्रोल विद्युत स्वच्छकाने धुऊन वीस-तीस वेळा फिरवावेत.

चित्र गुंडाळले जात असेल तर आधी सिग्नल पाहावा

उंची घटणे आणि चित्र वर-खाली गुंडाळले जाणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीचे कारण आज बहुधा संचाबाहेर असते. जपानमधील ॲनालॉग प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजी बंद झाले, आणि भूकंपाचा फटका बसलेल्या इवाते, मियागी व फुकुशिमा या तीन प्रांतांत ते ३१ मार्च २०१२ रोजी थांबले. तेव्हापासून या संचाला मॉड्युलेटरनेच (चित्राचा सिग्नल वाहिनीच्या लहरीवर चढवणाऱ्या यंत्रानेच) चित्र द्यावे लागते. हा मॉड्युलेटर ५२५ ओळींचा, ६० फील्डचा (सेकंदाला ६० अर्धचित्रांचा) सिग्नल देणारा हवा. ६२५ ओळी आणि ५० फील्ड दिले तर निरोगी संचातही चित्र स्थिर राहणार नाही.

वाहिन्यांचे आकडेही फसवतात. जपानची वाहिनी १ ही ९० ते ९६ मेगाहर्ट्झवर असते, तर अमेरिकी मॉड्युलेटरच्या वाहिनी ३ आणि ४ या ६० ते ७२ मेगाहर्ट्झमध्ये येतात. त्या या संचावर सापडणारच नाहीत. मॉड्युलेटर अमेरिकी पद्धतीचाच असेल आणि त्यावर वाहिनी ११ निवडता येत असेल, तर तिचा १९८ ते २०४ मेगाहर्ट्झचा पट्टा जपानच्या वाहिनी ९ शी जुळतो. जपानी संचासाठी निघालेल्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचा सिग्नल बहुधा वाहिनी १ किंवा २ वर असतो, तोही चालतो. जपानबाहेर मात्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रे असतात आणि जपानच्या वाहिन्या १ ते ३ नेमक्या त्याच पट्ट्यात आहेत; चित्रावर जाळीसारखी नक्षी उमटली तर ती त्या केंद्रांची ढवळाढवळ समजावी आणि अँटेना काढून मॉड्युलेटर फक्त तारेने जोडावा. अँटेनाची टोके चपट्या जोडतारेसाठी असतील, तर ७५ ओहमची केबल ३०० ओहमच्या बालनमधून (दोन प्रकारच्या तारा जुळवणाऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून) न्यावी.

दुरुस्ती पूर्ण झाली असे वाटल्यावर झाकण लावूनच संच किमान दोन तास चालवावा, कारण उघड्या संचात हवा खेळते आणि खरी उष्णता साचत नाही. सुरुवातीला पडद्यावरील एखाद्या वर्तुळाची उंची पट्टीने मोजून ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. दोन तासांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नाही आणि प्रवाहाचा आकडा वीस-पंचवीस मिनिटांनंतर एका जागी थांबला, तर दोष गेला. कोणता कपॅसिटर आणि कोणता रोध बदलला, थंड आणि गरम असताना प्रवाह किती होता, हे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. पुढे ज्याच्या हाती हा संच येईल त्याला नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.